कॅमेरा पाण्यात उतरतो

काचेच्या ग्लासात पाणी घ्या. त्यात एक चमचा तिरका ठेवा आणि बाजूने पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाशी चमचा मोडल्यासारखा दिसतो. पाण्यातला भाग थोडा मोठाही वाटतो. चमचा मोडलेला नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना आपली दिशा बदलतात, म्हणून असे दिसते. याला प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. उर्दूत आपण त्यालाच 'इनइताफ' म्हणतो.

आता हा ग्लास बाजूला ठेवा, पण चमचा विसरू नका. तो आपल्याला पुढे लागणार आहे.

दिवाळीच्या सुटीत मालवण किंवा तारकर्लीला जाऊन आलेली मुले शाळा उघडली की मला हमखास विचारतात, "सर, पाण्याखाली फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा?" त्यांना कॅमेऱ्याचे नाव हवे असते. मी नाव सांगायची घाई करीत नाही. कारण तुम्ही किती खोल जाणार, तिथले पाणी किती स्वच्छ आहे आणि तुम्हांला नेमके काय टिपायचे आहे, हे ठरल्याशिवाय नाव सांगणे म्हणजे पाय न मोजता चप्पल विकत घेणे होय. शिवाय या वस्तू स्वस्त नाहीत. चुकीची वस्तू घेतली, तर कोणाच्या तरी दोन वर्षांच्या कमाईवर पाणी फिरते. ही नुसती बोलण्याची रीत नाही. असे घडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा एक मावसभाऊ लग्नसमारंभांचे फोटो काढतो. पाण्याखालचे फोटो काढायची त्याला फार हौस. दोन हंगामांची बचत करून त्याने आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासाठी एक जुनी जलरोधक पेटी विकत घेतली. अशा पेटीला छायाचित्रकार 'हाउसिंग' म्हणतात. हिवाळ्यात आम्ही मालवणला गेलो. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ थांबली. वारा होता. भाईजानने होडीतच पेटी उघडली, मेमरी कार्ड बदलले, पेटी बंद केली आणि पाण्यात उतरला. मी वर काठाला धरून पाहत होतो. दोन मीटरसुद्धा खाली गेला नसेल, इतक्यात पेटीच्या कडेतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. तो लगेच वर आला, पण तोवर पेटीत अर्धे पाणी शिरले होते. कॅमेरा गेला. आम्ही पेटी उघडून पाहिली, तेव्हा रबरी कड्यावर आडवा पडलेला एक केस सापडला. तो त्याच्याच डोक्याचा होता. पुढच्या आठवड्यात त्याने एका लग्नाचे काम घेतलेले होते. ते त्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर केले.

एवढ्याशा केसाने एवढे नुकसान कसे झाले? ते समजण्यासाठी तुमच्या घरातला प्रेशर कुकर पाहा. झाकणात रबराची रिंग असते. तिच्यावर भाताचे एक शीत चिकटून राहिले, तर कडेने वाफ सुटते आणि शिट्टी होत नाही. हाउसिंगच्या झाकणातही अशीच गोल रिंग असते. तिला 'ओ-रिंग' म्हणतात. फरक इतकाच की कुकरमध्ये दाब आतून बाहेर असतो, तर समुद्रात तो बाहेरून आत असतो. केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा, सुकलेल्या मिठाचा खडा, यांपैकी काहीही मध्ये आले की पाण्याला वाट मिळते.

समुद्रातला दाब किती असतो? आपण जमिनीवर असताना आपल्याभोवती एक वातावरण इतका हवेचा दाब असतोच. पाण्यात दर दहा मीटर खोलीला आणखी एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा भार पडतो. समजा, पेटीची मागची बाजू १५ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटीमीटर झाले. २० मीटर खोलीवर त्या एका बाजूवर सुमारे ३०० किलोग्रॅम भार येईल. चार-पाच मोठी माणसे तिच्यावर उभी राहिल्यासारखे! म्हणून अशी पेटी एक तर जाड, मजबूत प्लॅस्टिकची असते किंवा ॲल्युमिनियमची.

यात एक गंमत आहे. खोल गेल्यावर हाच दाब झाकण रिंगवर घट्ट दाबून धरतो. त्यामुळे पाणी शिरायचे असेल, तर ते बऱ्याच वेळा पहिल्या एक-दोन मीटरमध्येच शिरते. भाईजानचेही तसेच झाले. म्हणून जाणते पाणबुडे पाण्यात उतरताच लगेच खाली जात नाहीत. अर्धा मिनिट पृष्ठभागाजवळ थांबतात, पेटी उलटसुलट करून पाहतात आणि बुडबुडे येत नाहीत याची खात्री करतात. आताच्या महागड्या पेट्यांत छोट्या पंपाने आतली हवा थोडी काढून घेण्याची सोय असते. हवा परत आत शिरू लागली, तर दिवा लाल होतो. म्हणजे गळती पाण्याबाहेरच कळते. जुनी पेटी घेणाऱ्याने ही सोय आहे का हे आधी विचारावे.

पाण्याने कॅमेऱ्याला बुडवण्याची ही कथा आजची नाही. इंग्लंडमध्ये वेमथ येथे १८५६ साली विल्यम थॉम्पसन याने कॅमेरा एका पेटीत घालून होडीतून समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर समुद्रतळाचे एक अंधूक चित्र उमटले. पुढे १८९३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे लुई बूताँ नावाचा प्राणिशास्त्रज्ञ स्वतः पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला. त्याच्या कॅमेऱ्याची पेटी त्याच्या भावाने, ऑगस्टने, तयार केली होती. त्या काळी एका फोटोसाठी कधी कधी अर्धा तास लागत असे. विचार करा, अर्धा तास! कोणता मासा तेवढा वेळ एका जागी थांबेल? बूताँला प्रकाश हवा होता. म्हणून त्याने प्राणवायूने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा लावला, त्यावर काचेचे झाकण बसवले आणि रबरी फुग्याने ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवून लख्ख उजेड पाडला. हे सारे सामान पाण्याखाली नेऊन!

प्रकाशाचा हा प्रश्न दाबापेक्षाही अवघड आहे. सूर्यप्रकाशात सात रंग असतात हे तुम्हांला माहीत आहे. पाणी हे सातही रंग सारखे पुढे जाऊ देत नाही. लाल रंग तर पहिल्या पाच मीटरमध्येच बराचसा नाहीसा होतो. त्यामागून नारिंगी आणि मग पिवळा जातो. खाली उरतो तो निळा आणि हिरवा. म्हणून खोल पाण्यात लालभडक मासा काळपट दिसतो, आणि कॅमेरा कितीही किमती असला तरी फोटो निळा-हिरवा येतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रकाश वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून पुन्हा कॅमेऱ्यापर्यंत जातो. दोन्ही वाटांवर पाणी रंग खात असते. तुम्ही चार मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून तीन मीटर दूर आहे, तर प्रकाशाने सात मीटर पाणी ओलांडले. मासा जितका जवळ, तितके रंग जिवंत.

अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी १९२६ साली विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड ठेवून तिचा स्फोट करवला, तेव्हा कुठे पाण्याखाली पुरेसा उजेड पोहोचला. ते फोटो 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात १९२७ साली छापून आले. आज तेच काम तळहातावर मावणारा फ्लॅश करतो.

पण फ्लॅश घेतला म्हणजे काम झाले असे समजू नका. तुम्ही कधी पावसाळ्यात धुक्यातून घाट चढणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावर बसला आहात का? चालकाने मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. रस्ता दिसायचा तोही दिसेनासा होतो. समुद्राच्या पाण्यातही माती, वाळू आणि अतिसूक्ष्म जीव तरंगत असतात. फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला लागून असेल, तर त्याचा उजेड या कणांवर आदळून सरळ भिंगात परत येतो. फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. कॅमेऱ्याच्या अंगचा छोटा फ्लॅश पाण्याखाली बहुधा हेच करतो. म्हणून पाण्याखालचा फ्लॅश वेगळा असतो आणि तो सांधे असलेल्या लांब दांड्यावर, भिंगापासून दूर बाजूला बसवतात. उजेड तिरका पडतो. मासा उजळतो, कण मात्र अंधारात राहतात. तेव्हा फ्लॅश निवडताना नुसता किती प्रखर आहे हे पाहू नका; त्याचा दांडा किती लांब आहे आणि तो कसा वळतो हेही पाहा. कॅमेरा आणि फ्लॅश यांना जोडणारी तार दोन प्रकारची असते. एकीतून वीज जाते, दुसरीतून नुसता प्रकाश जातो. नवशिक्याने दुसरी घ्यावी. तिच्यासाठी पेटीला भोक नसते, म्हणून पाणी शिरण्याची एक जागा कमी होते.

ज्यांना फ्लॅश परवडत नाही त्यांच्यासाठी लाल रंगाचे फिल्टर मिळते. ते भिंगापुढे लावले की निळा-हिरवा रंग थोडा अडतो आणि लाल रंगाला वाव मिळतो. मात्र नाहीसा झालेला रंग फिल्टर परत आणू शकत नाही. थोड्या खोलीवर, भर दुपारी, स्वच्छ पाण्यात त्याचा उपयोग होतो. फार खाली ते निरुपयोगी ठरते. उलट आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करते. आणि फ्लॅश वापरताना ते काढायला विसरू नका, नाहीतर सगळे मासे लाल दिसतील.

आता आपला चमचा परत आणू या. हाउसिंगच्या पुढे काच असते. ती सपाट असेल, तर किरण पाण्यातून आत येताना वळतात. वस्तू आहे त्याहून एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. कॅमेऱ्याला दिसणारा परिसरही आक्रसतो. लहान खेकडा किंवा समुद्री गोगलगाय टिपायची असेल, तर हे सोयीचेच आहे. वस्तू आपोआप मोठी मिळते. पण बुडालेले जहाज किंवा प्रवाळाचा मोठा खडक एका फोटोत मावायला हवा असेल, तर सपाट काच आडवी येते. त्यासाठी घुमटाच्या आकाराची काच लावतात. घुमट म्हणजे आपला गुंबद. त्याच्या गोलाईवर किरण जवळपास सरळ आत येतात, म्हणून दृश्याची रुंदी कमी होत नाही. अर्धे पाण्याखालचे आणि अर्धे पाण्यावरचे दाखवणारे फोटो तुम्ही पाहिले असतील. तेही मोठ्या घुमटानेच काढतात.

मग यातले कोणते घ्यावे? येथे समुद्रच उत्तर देतो. मालवणच्या किनाऱ्यावर पाणी हिरवट असते. चांगल्या दिवसांतही काही मीटरपलीकडे अंधूक होते आणि पावसाळ्यात तर समुद्रात उतरतच नाहीत. अशा पाण्यात रुंद दृश्य टिपायला जाल, तर हिरवा पडदा तेवढा मिळेल. तिथे जवळून, अगदी हातभर अंतरावरून टिपायचे सामान घ्यावे. समुद्रपुष्प, खेकडे, लहान मासे यांचे फोटो तिथे सुंदर येतात, कारण मध्ये पाणीच थोडे असते. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या स्वच्छ पाण्यात मात्र घुमट आणि रुंद भिंग शोभते. एकाच दुकानातून घेतलेली एकच वस्तू एका समुद्रात सोने आणि दुसऱ्या समुद्रात ओझे ठरू शकते. दुकानदार तुम्हांला विचारणार नाही की तुमचा समुद्र कोणता. तुम्हीच सांगायला हवे.

मोबाइलबद्दलही सांगतो, कारण तो आता घरोघरी आहे. 'हा मोबाइल पाण्यात चालतो' असे जाहिरातीत असते. त्याची परीक्षा प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात घेतलेली असते. समुद्राचे पाणी खारट, वर लाटा आणि वाळू. शिवाय पाण्यात स्पर्शाचा पडदा बोटाला दाद देत नाही. गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी होडीवर शिंतोड्यांपासून वाचवते; तिच्या भरवशावर डुबकी मारू नये. मोबाइलसाठी खऱ्या बटणांची मजबूत पेटीही मिळते, पण तीत घालण्याआधी घरात दुसरा फोन आहे का याचा विचार करा. वडिलांचा नंबर, बँकेचे निरोप, सगळे त्यातच असते.

१९६३ साली निकॉन कंपनीने 'निकोनॉस' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. बेल्जियमच्या जाँ द वूटर्स याने समुद्रसंशोधक जॅक कुस्तो यांच्यासाठी तयार केलेल्या 'कॅलिप्सो' या कॅमेऱ्यावर तो आधारलेला होता. त्याला वेगळी पेटी लागत नसे; कॅमेरा स्वतःच जलरोधक होता. कित्येक वर्षे पाणबुड्यांच्या हातात तोच दिसे. ३६ फोटो झाले की मात्र पाण्याबाहेर येऊन रीळ बदलावे लागे. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. आजही पेटीशिवाय पाण्यात जाणारे छोटे कॅमेरे मिळतात. २०१६ साली आलेला गोप्रो हिरो ५ दहा मीटरपर्यंत आणि २०२३ साली आलेला ओएम सिस्टिमचा टीजी-७ पंधरा मीटरपर्यंत तसाच नेता येतो. पहिला चलत्-चित्रासाठी आणि रुंद दृश्यासाठी चांगला. दुसरा अगदी जवळून बारीक वस्तू टिपण्यात तरबेज.

माझे मत विचाराल तर नवशिक्याने असा छोटा जलरोधक कॅमेरा घ्यावा आणि पैसे उरले तर त्यावर त्याचीच पेटी घ्यावी. पेटीत पाणी शिरले तरी आतला कॅमेरा वाचतो. माझ्या भावाने मोठ्या कॅमेऱ्यापासून सुरुवात केली, तीच त्याची चूक झाली. केस नंतरचा.

पण कॅमेऱ्याच्याही आधी एक खर्च येतो, तो शिकण्याचा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडी-प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा अन्य मान्यताप्राप्त ठिकाणी शिकल्याशिवाय पाठीवर हवेची टाकी बांधून कोणी कॅमेरा हातात घेऊ नये. याला कारण आहे. फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण नकळत श्वास रोखतो. जमिनीवर ते चालते. टाकीच्या हवेवर खाली असताना श्वास रोखला आणि शरीर थोडे वर तरंगले, तर बाहेरचा दाब कमी होऊन फुप्फुसातली हवा फुगते. दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट जागा मागते. बॉइलचा नियम तुम्ही पुढे विज्ञानात शिकाल. पाण्याखाली तो जिवावर बेतू शकतो. म्हणून पाणबुड्यांना पहिला धडा देतात तो हाच, की श्वास कधीही रोखायचा नाही. फोटो हलला तर हलू द्या. पहिल्या काही डुबक्यांत कॅमेरा वरच ठेवावा, हे मला पटते.

दुसरी अडचण पायांची. नवा छायाचित्रकार भिंगातून पाहण्यात गुंग होतो आणि त्याच्या पायांचे पंख मागे काय तोडत आहेत हे त्याला कळत नाही. प्रवाळ, ज्याला उर्दूत मरजान म्हणतात, तो दगड नसून असंख्य लहान जिवांची वसाहत आहे. फार सावकाश वाढते ती. मालवणचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे. मोठे, जड सामान घेऊन तोल सांभाळता येत नसेल, तर तो कॅमेरा तुमच्यासाठी अजून मोठा आहे असे समजावे.

समुद्रातून आल्यावर पेटी लगेच उघडू नये. मीठ सुकले की त्याचे स्फटिक बटणांच्या फटीत बसतात. बंद पेटी गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी आणि पाण्यातच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबावे. मग पेटी पुसावी, आपले हात आणि डोकेही पुसावे, आणि नंतर झाकण उघडावे. रिंग बोटांनी हलकेच काढावी, पिनेने किंवा चाकूच्या टोकाने नाही. तिच्यावर बोट फिरवले की कण असल्यास लगेच जाणवतो. पेटीसोबत मिळणारे ग्रीस किंचितच लावावे. काहीजण लोण्यासारखे थापतात. त्यावर उलट कचरा चिकटतो.

भाईजानने तीन वर्षांनी पुन्हा पैसे जमवले. या वेळी कॅमेरा छोटा घेतला. आता तो होडीत पेटी उघडतच नाही. आदल्या रात्री घरात पंखा बंद करून, डोक्याला रुमाल बांधून, ट्यूबलाइटखाली बसतो. आधी रिकाम्या पेटीत एक पातळ कागद घालून ती बादलीत दाबून धरतो. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत जातो.